उचल फिटेपर्यंत सुटका नाही? कायदा तसं म्हणत नाही

"उचल घेतलीय ना? मग फिटेपर्यंत फडातून हलायचं नाही." उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ मजुरी. बीडच्या ऊसतोड कामगारांनी हे हंगामामागून हंगाम ऐकलंय. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत अंगठा उठवला की कायदाही त्याच्याच बाजूने, असं चांगली शिकलेली माणसंही धरून चालतात. साफ चूक.

उचल घेणं-देणं हा गुन्हा नाही. पण तिच्यापोटी दुसरीकडे काम करायची, गावी जायची मोकळीक हिरावली, की ती वेठबिगारी. साखळदंड लागत नाहीत. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार असं कर्ज फेडायचं बंधनच संपतं. ते वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं तेही कर्ज देणाऱ्यानेच. सक्ती करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे.

वही मात्र वेगळंच बोलते. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच 'कोयता'. खाडा पडला की दंड चढतो. हंगाम संपून पट्टा पडताना बाकी निघते, आणि तीच पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते.

"मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत" हे कारखान्यांचं जुनं पालुपद. उचलीचा पैसा मुकादमापर्यंत येतो तो बहुतेकदा कारखान्याकडूनच! साखर घेणाऱ्या कंपनीला त्यामागे वेठबिगारी आहे का हे खरंच तपासायचं असेल, तर आधी मुकादमाची ही वही मागावी.