(०,०) की (८,२)? पॅनिक तोच, दुखणं वेगळं

हाताने कम्पाइल केलेला लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) बूट होताना ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ (म्हणजे रूट, मुख्य पार्टिशन, जोडता आलं नाही) म्हणून पॅनिक होऊन थांबला, की बहुतेक जण लगेच मेन्यूकॉन्फिग (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) उघडून फाइलसिस्टिमचे पर्याय चाळायला लागतात. आधी त्या ओळीच्या शेवटी कंसात येणारे दोन आकडे वाचा: मेजर (ड्रायव्हरचा) आणि मायनर (त्यातल्या डिस्क-पार्टिशनचा) नंबर.

(८,२) असेल तर डिस्क सापडलेली आहे. ८ म्हणजे एसडी ड्रायव्हर, २ म्हणजे एसडीए२, पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. एनव्हीएमई एसएसडीच्या पार्टिशनला ८ च्या जागी २५९ दिसतं. अडलंय ते फाइलसिस्टिमपाशी. वर ‘नो फाइलसिस्टिम कुड माउंट रूट, ट्राइड:’ अशी ओळ असते. तिच्या यादीत ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) नसेल तर कॉन्फिगमध्ये तो ‘एम’ (वेगळं मॉड्यूल) आहे किंवा बंदच आहे. ‘एम’ असेल तर मॉड्यूल त्याच पार्टिशनवर पडलेलं, जे अजून माउंट व्हायचंय! ‘वाय’ (कर्नलमध्येच सामील) करा, पुन्हा मेक चालवा. यादीत ईएक्सटी४ असूनही अडत असेल, तर बहुधा पार्टिशन चुकीचं दिलंय.

(०,०) जास्त चिवट. रूट= मध्ये (बूटच्या वेळी कर्नलला दिलेल्या पर्यायात) दिलेलं डिव्हाइसच कर्नलला सापडलेलं नाही. पॅनिकच्या वर पार्टिशनांची यादी छापलेली असते. ती रिकामी असेल तर एएचसीआय (साटा डिस्कचा) किंवा एनव्हीएमईचा ड्रायव्हर कर्नलच्या आत नाही. यादीत तुमचं पार्टिशन दिसतंय आणि तरीही (०,०), तर बहुधा रूट=यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख-क्रमांक) दिलंय आणि इनिटरामएफएस (रूट माउंट होण्याआधी मेमरीत चालणारी छोटी फाइलसिस्टिम) चाललेला नाही. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी शोधणं हे इनिटरामएफएसचं काम. या दोन क्रमांकांपैकी कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा क्रमांक) तेवढा कळतो. (डेबियन-उबुंटूत इनिटरामएफएस चालला असता, तर रूट न सापडल्यावर पॅनिकऐवजी बिझीबॉक्सचा (छोट्या शेलचा) प्रॉम्प्ट आला असता.)

तो का चालला नाही? ग्रबच्या (बूटलोडरच्या) नोंदीत इनिटआरडीची (इनिटरामएफएसची फाइल सांगणारी) ओळ नसेल, तर अपडेट-इनिटरामएफएस आणि मग अपडेट-ग्रब चालवा. ओळ असेल तर फाइलचा आकार बघा. डीबग माहितीसकट मॉड्यूल्स इन्स्टॉल केली की ती शेकडो एमबीची होते. मग /बूट भरतं, नाहीतर ग्रबच ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणतो. मॉड्यूल्स_इन्स्टॉल करताना इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ द्या. आकार ठीक असेल तर कॉम्प्रेशन तपासा: फाइल झेडएसटीडीची आणि कॉन्फिगमध्ये आरडी_झेडएसटीडी बंद, हा प्रकार कॉन्फिग छाटताना हमखास होतो. तेव्हा ‘इनिटरामएफएस अनपॅकिंग फेल्ड’ ही ओळ येते, पण खूप वर.

रूट एलव्हीएमवर (लॉजिकल व्हॉल्यूमवर) किंवा एनक्रिप्टेड असेल, तर सगळं ‘वाय’ करूनही इनिटरामएफएस लागतोच.