श्नाबेलच्या बत्तीस सोनाटा, चुकांसकट

बीथोव्हनने एकट्या पियानोसाठी बत्तीस सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या रचना, लिहिल्या. त्यातली २९वी, ‘हामरक्लाविअर’, सुरू होते तीच डाव्या हाताच्या उडीने. खर्जातला एक स्वर वाजवायचा आणि निमिषात कितीतरी वर जाऊन भरगच्च स्वरमेळ गाठायचा. पियानोवादक आर्टुर श्नाबेलच्या १९३५ सालच्या ध्वनिमुद्रणात ही उडी पडते आणि पुढची काही मिनिटं आपण जीव मुठीत धरून ऐकतो. स्वर निसटतात, एकमेकांवर आदळतात. आजचा कुठलाही बरा वादक असलं काही बाहेर जाऊ देणार नाही. तरी जवळपास नव्वद वर्षं लोक ही रेकॉर्ड ऐकताहेत. ती झाली कशी हे कळलं की ऐकणं बदलतं, निदान माझं बदललं.

श्नाबेल जन्मला १८८२ मध्ये, तेव्हाच्या ऑस्ट्रियात. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. व्हिएन्नात तो लेशेटित्स्कीकडे शिकला. लेशेटित्स्कीचा गुरू चेर्नी आणि चेर्नीचा गुरू खुद्द बीथोव्हन. म्हणजे घराणं अगदी थेट! पण गुरूने या पोराला सुनावलं होतं, की तू पियानो वाजवणारा होणार नाहीस, तू संगीताचा माणूस आहेस. टोमणा की आशीर्वाद, कोण जाणे. १९२७ मध्ये, बीथोव्हनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याने बर्लिनमध्ये बत्तीसच्या बत्तीस सोनाटा वाजवल्या. त्याच सुमारास या सोनाटांची त्याने संपादित केलेली आवृत्तीही निघाली, बारीकसारीक तळटीपांनी भरलेली.

रेकॉर्डिंगला मात्र तो वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिला. जे कितीही चांगलं वाजवलं तरी त्याहून मोठंच राहतं, तेच संगीत मला खेचतं, असं तो म्हणे. असल्या माणसाला आपलं एका दिवसाचं वाजवणं कायमचं कोरून ठेवणं कसं पटावं?

त्याला राजी केलं एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने. हे नाव आपल्याला परकं नाही. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जानचं गाणं मुद्रित करणारा तो हाच. पैशाची अडचण निराळी होती. मंदीच्या काळात बत्तीस सोनाटांचे जाडजूड संच घेणार कोण? त्यावर तोड निघाली वर्गणीदारांची. ‘बीथोव्हन सोनाटा सोसायटी’ काढायची, वर्गणी आधी गोळा करायची आणि संच मागाहून एकेक करून द्यायचे.

जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोडवर काम सुरू झालं. स्टुडिओ उघडून जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. इथे थोडं थांबायला हवं. वादन थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जाई. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. मध्ये चूक झाली तर ती बाजू पहिल्यापासून. झालेलं लगेच ऐकायचं तर सुईने मेण खराब होई. ऐकलेली तबकडी बाद. चांगले तुकडे जोडून सलग एक करावं, तर टेप यायला अजून बराच अवकाश होता. आपल्या गायकांनीही राग तीन मिनिटांत बसवला, पण बंदिशीभोवतीचा विस्तार आखडता घेता येतो. बीथोव्हनने लिहिलेलं कसं आखडणार? ‘हामरक्लाविअर’चा संथ भाग श्नाबेल अठरा मिनिटांच्या आसपास वाजवतो. म्हणजे ध्यान लागलेलं असताना तीनदा तरी हात उचलायचा, नवं मेण चढेपर्यंत थांबायचं आणि त्याच भावात परत शिरायचं. स्टुडिओतला प्रकाश, हवा, आवाज सगळंच कृत्रिम होतं, असं त्याने पुढे सांगितलं.

आता त्या चुकांकडे. बत्तीसपैकी या एकाच सोनाटेवर बीथोव्हनने मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, मिनिटाला किती ठोके हे सांगणारा आकडा घातला आहे. पहिल्या भागाला १३८, भलताच वेगवान. बहुतेक वादक तो आकडा बाजूला ठेवून अंगाला झेपेल तेवढी लय धरतात. श्नाबेलने आकडा खरा मानला आणि बोटांची पर्वा केली नाही. माझ्या मते त्याने बरोबरच केलं. जपून वाजवलेल्या या भागात भारदस्तपणा येतो, पण चवताळलेपण नाही.

काम चालू असतानाच, १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या श्नाबेलने जर्मनी सोडली. तिथे त्याने पुन्हा कधी वाजवलं नाही. व्हिएन्नात राहिलेल्या त्याच्या आईला १९४२ मध्ये नाझींच्या टेरेझिनच्या छावणीत नेलं. ती परत आली नाही. लंडनमधलं मुद्रण १९३५ मध्ये संपलं. सगळ्या सोनाटांचा हा जगातला पहिला संपूर्ण संच.

पुढे एलपी आल्या, सीडी आल्या आणि खरखरीचा वाद सुरू झाला. काही आवृत्त्यांत ती इतकी गाळली आहे, की पियानो उशीखाली ठेवल्यासारखा वाटतो. मी खरखर राहू दिलेली आवृत्ती ऐकतो. पाचेक मिनिटांत कान तिला विसरतो, आणि शेवटच्या, ३२व्या सोनाटेतल्या लांबलचक ट्रिल्स, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झरझर आलटापालट, तिच्यातून स्वच्छ वर येतात.