वणवा ‘आपोआप’ लागत नाही

दर फाल्गुनात आमच्याकडे कोकणात सडा, म्हणजे गवताळ कातळपठार, पेटला की कुणीतरी म्हणतंच, “बांबूला बांबू घासला, ठिणगी पडली.” आजोबा-पणजोबांपासून ऐकत आलेलं हे वाक्य खरं नाही.

लाकूड पेटायला साधारण ३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. वाऱ्यानं हलणाऱ्या बांबूंच्या घासण्यातून तेवढी निर्माण होत नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत तर नाहीच. विजेनं आग लागू शकते, पण आपल्याकडे विजा कडाडतात त्या वळवाच्या दिवसांत, बहुधा पावसासोबत. वणवे त्याआधीच लागलेले असतात.

मग पेटवतं कोण? माणूसच, बहुतेकदा नकळत. भातरोपांच्या जागेवर राब, म्हणजे पसरलेला पालापाचोळा, भाजायला सकाळी वारा पडलेला असताना आग लावतात, ती पुरती विझवत नाहीत, आणि दुपारी खारा वारा सुटला की तीच आग बांध ओलांडते. रस्त्याकडेला फेकलेली बिडी, गवत चांगलं फुटावं म्हणून मुद्दाम लावलेली काडी, ही बाकीची कारणं. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे.

जळालेल्या काजूच्या बागेत एकदा उभं राहून बघा. बुंध्याची साल कोळसा झालेली, मोहोर हातात घेतला की चुरा. सड्यावर उघड्यावरच अंडी घालणाऱ्या टिटवीला पळता येतं, अंड्यांना नाही.

म्हणून थंडी सरताच बागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा, आणि राब भाजल्यावर राखेवर पाणी मारल्याशिवाय घरी जाऊ नका.