पाण्याविना पाणी

मृगाच्या आधी आमच्या गावात खात्याच्या, म्हणजे लोहाराच्या, भट्टीपुढे वखराच्या पासांचा (जमीन कापणाऱ्या लोखंडी पात्यांचा) ढीग पडतो. खाती पास लाल करतो, ठोकून धार काढतो आणि धारेचीच बाजू पाण्यात धरतो. चुर्र होतं. मग लोखंडावर आधी पिवळट, मागून निळसर झाक सरकते. ती बघूनच पुन्हा कधी बुडवायचं ते ठरतं. धार अशी कडक करण्याला पाणी चढवणं म्हणतात. विदर्भात लोखंडाची विद्या जुनीच. नागपूर जिल्ह्यात नायकुंडच्या उत्खननात महापाषाणयुगातली लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे.

आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंच्या, झोतानं धातूचा पृष्ठभाग कडक करायची युक्ती मात्र आली भलत्याच वाटेनं. 1970 च्या दशकात शास्त्रज्ञांना सूर्यासारखं अणुसंमीलन, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणं, घडवायचं होतं आणि इंधनाच्या गोळीवर मारायला जबर झोत हवा होता. अडचण अशी की विजेचा दाब दिला की हलके इलेक्ट्रॉनच आधी पळतात आणि बहुतेक ऊर्जा खाऊन टाकतात. 1973 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले रवी सुदान (जन्मानं भारतीय, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही) आणि रिचर्ड लव्हलेस यांनी उपाय मांडला: आडवं चुंबकीय क्षेत्र लावून इलेक्ट्रॉन अडवायचे, जड आयन जाऊ द्यायचे.

अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेनं त्यासाठी पीबीएफए-2 हे अजस्र यंत्र उभारलं. संमीलन काही साधलं नाही. 1996 मध्ये ते यंत्र दुसऱ्याच पद्धतीकडे वळवलं. झोत मात्र वाया गेला नाही. रशियात तोम्स्कला आणि 1990 च्या दशकात सँडियातही तो धातूंवर वापरून पाहिला गेला.

यातली खरी गंमत थंड होण्यात आहे. झोत टिकतो सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागाएवढा, आणि वितळतो तो काही मायक्रोमीटरचा पापुद्रा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. खालचा सगळा धातू गारच राहतो आणि तोच उष्णता शोषून घेतो. पापुद्रा सेकंदाला अब्ज अंशांच्या घरातल्या वेगानं निवतो. स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही, कण बारीक राहतात आणि पृष्ठभाग कडक होतो. म्हणजे पाणी चढतं, पण पाण्याशिवाय.

दुखणीही आहेत. सगळं निर्वातात करावं लागतं, आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. शिवाय काळ्या कसदार जमिनीतला एखादा मुरमाड पट्टा लागला, की एवढा पापुद्रा पास दुपारपर्यंतच झिजवून बसेल. म्हणून पास खात्याकडेच जाते.