माळावर उभा राहिलेला डोंगर: उरुळी-फुरसुंगी कचरा डेपोची पार्श्वभूमी

पुणे-सासवड रस्त्यावर दिवे घाटाच्या अलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे लागतात. ज्ञानोबांची पालखी दरवर्षी याच वाटेने घाट चढते. पुण्याच्या कचऱ्यासाठी १९८१ मध्ये उरुळीची ४३ एकर जागा गेली, २००३ मध्ये फुरसुंगीची सुमारे १२० एकर. दुर्गंधी आणि नासलेल्या विहिरींबद्दल पुष्कळ लिहिले गेले, आणि ते हवेच होते. पण त्या ढिगाने शिवाराचे रूपच बदलले, हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात आले नाही.

डेपोला कुंपण पडले की वाढ वरच्या दिशेने होते. ढीग टिकायला १:४ उतार लागतो. म्हणजे २० मीटर उंचीला प्रत्येक बाजूने ८० मीटर पाया. जागा वाचवायला बाजू उभ्या ठेवल्या की पहिल्याच वळवात वरची माती ओघळते आणि आतले प्लास्टिक उघडे पडते. उन्हाळी वाऱ्याने त्याच पिशव्या बांधावरच्या बाभळींना लटकतात. २००० च्या घनकचरा नियमांत रोजच्या कचऱ्यावर किमान १० सेंमी, पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंमी मातीचे पांघरूण सांगितले होते. रोजची माती चुकली की घारी-कावळ्यांचे थवे येतात, आणि ते ढिगापेक्षाही लांबून दिसतात.

नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून, विहिरीपासून २०० मीटर, अशी अंतरे २०१६ च्या घनकचरा नियमांत दिली होती. त्या यादीत ढिगाची उंची येत नव्हती.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, धूर गावांवर पसरला. ग्रामस्थांनी काही आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. जुना कचरा उकरून, चाळून ढीग उतरवणे, म्हणजे बायोमायनिंग, हाच खरा उपाय. त्यातही चाळलेली माती आणि प्लास्टिकचे गठ्ठे वेळेवर उचलले नाहीत तर एका मोठ्या ढिगाचे चार छोटे होतात.

कॅपिंगमध्ये, म्हणजे ढिगाला कायमचे झाकण घालताना, ६० सेंमी चिकणमाती, १५ सेंमी निचऱ्याचा थर आणि वर ४५ सेंमी माती येते. खोल मुळांची झाडे चिकणमाती फोडतात, म्हणून वर गवतच लावावे लागते. ते स्थानिक असावे. वैशाखात आजूबाजूचा माळ पिवळा पडलेला असताना पाणी घालून हिरवा ठेवलेला ढीग उलट जास्त डोळ्यांवर येतो.

झाडांचा पडदा बहुतेक वेळा चुकीच्या जागी लावला जातो. शेतकऱ्याची नजर दीड मीटरवर आणि २० मीटरचा ढीग ५०० मीटरवर धरा. ढिगाच्या पायथ्याशी, ४५० मीटरवर झाडे लावली तर ती १८ मीटरहून उंच हवीत. तोच पडदा शेतापासून ५० मीटरवर असेल तर साडेतीन मीटरची दाट ओळ पुरते. पानगळीची झाडे नकोत. नेमक्या आगीच्या दिवसांत ती उघडी पडतात. आणि घाटातून पाहणाऱ्यापुढे कुठलाच पडदा चालत नाही.

कुठल्याही डेपोच्या विस्ताराचा नकाशा गावापुढे येतो तो वरून काढलेला. त्यासोबत उंची दाखवणारा उभा छेद मागावा. प्रस्तावित उंचीवर क्रेनच्या टोकाला झेंडा बांधायला लावावा आणि शेत, शाळेचे पटांगण, देऊळ, घाट इथून दीड मीटर उंचीवरून फोटो घ्यावेत, सुनावणीच्या आधी.