मुंजा झाडाला धरून, समंध धनाला: शहरात कुणाला कुठं लपवायचं

शहरातल्या भयकथांमध्ये हल्ली एकच ठरलेलं भूत भेटतं. पिंपळावर बसणारं, शेंडीवालं, लग्नासाठी हपापलेलं आणि वर सोन्याच्या हंड्याची राखण करणारं. त्याला एक जण मुंजा म्हणतो, दुसरा समंध. ही दोन वेगळी भुतं आहेत. त्यांची खिचडी केली की धाक संपतो, कारण समोरच्याला नेमकं काय हवंय हेच कळेनासं होतं.

मुंजा सगळ्यांना पाठ आहे: मुंज झाली, सोडमुंज म्हणजे ब्रह्मचर्य संपवणारा विधी व्हायच्या आत पोरगा गेला, पिंपळावर राहिला. परभणी-हिंगोलीकडं मुंजाजी, मुंजाभाऊ अशी माणसांची नावं असतात, आणि पारावरचा शेंदूर लावलेला मुंजोबा तिथं भूत कमी, देव जास्त. समंध मात्र मोठा माणूस. वारस नाही, मागं क्रियाकर्म करणारं कुणी नाही, आणि जीव घरादारात, पैशाअडक्यात अडकलेला. दोघंही पुरुष, दोघंही बहुतेक ब्राह्मणाची भुतं. समंधही कधीकधी झाडावर सांगितला जातो, आणि लोक तिथंच फसतात. झाड बघून भूत ओळखू नका. वय विचारा, आणि तो कशाला बांधलेला आहे ते विचारा.

खरी मेख या दुसऱ्या प्रश्नात आहे. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाखाली, म्हणजे नाथसागराखाली, अनेक गावं गेली, माणसं उठून दुसरीकडं वसली. समजा, अशा एका गावात पारावर मुंजा होता आणि वाड्याच्या माजघरात पुरलेल्या हंड्यावर समंध. पाणी चढलं तेव्हा मुंजा झाडासकट बुडाला. त्याचं अडलेलं काम त्याच्या स्वतःच्या संस्कारांचं, ते कुणाला उचलून नेता येत नाही. समंधाचं तसं नाही. पुतण्यानं रात्रीतून हंडा उकरला, चांदी सराफाकडं मोडली, त्या पैशात संभाजीनगरला प्लॉट घेतला, की समंध त्या प्लॉटवर हजर. धनाचं रूप बदललं तरी त्याचा हक्क सुटत नाही. उद्या प्लॉट विकला तर तो जमिनीवर राहील की पैशामागं जाईल? माझं मत ठाम आहे: पैशामागं. जमिनीलाच चिकटून राहिला तर तो साधा जागेवाला, म्हणजे जागेची राखण करणारा, झाला, समंध उरला नाही.

हंड्यात काय होतं यावरही चिडावं लागतं. मराठवाड्यातल्या कथेत दर वेळी होन आणि मोहरा कशाला? इथं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि व्यवहार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्यात, चालायचे. हाली रुपये त्यानंतरही काही वर्षं चालले. हंड्यात हालीच हवेत.

म्हणून आजच्या शहरात समंधाला पडका वाडा लागतच नाही. तो बँकेत राहील. १० वर्षं कुणी हात न लावलेली ठेव बँकेला रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करावी लागते, पण खरा वारस कागदांसह आला तर ती परत मिळते. समंधाला याहून चांगली जागा नाही. तो फेरफाराच्या नोंदीत राहील, उर्दूत किंवा मोडीत लिहिलेल्या निजामकालीन कागदात राहील. खऱ्या वारसाला त्यानं हात लावू नये. खोटा वारस दाखला काढणाऱ्याच्या मात्र मानगुटीवर बसावं. सरसकट सगळ्यांना छळणारा समंध लिहिला की कथा ढिली पडते.

पायाच्या खोदकामात हंडा निघाला तर कायदाही लक्षात घ्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. ठेकेदार ते का लपवतो, याचं कारण तुम्हाला आयतंच मिळतं. पण गुप्तधनासाठी अघोरी पूजा करणारा मांत्रिक नायक करू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्यात खऱ्या लेकरांचे जीव गेलेले आहेत.

मुंजाला लपवणं सोपं आहे, फक्त पिंपळ सोडू नका. बाराव्या मजल्यावरच्या लिफ्टमध्ये नुसताच उभा केलेला मुंजा मला चालत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं आणि चुन्याच्या भेगेत, गच्चीच्या कडेला, न्हाणीघराच्या फुटक्या पाइपाशी पिंपळ रुजतो. वरून छाटला तरी मूळ भिंतीत राहिलं की पुन्हा फुटतो. पानाचा देठ लांब, त्यामुळं जराशा वाऱ्यानंही सळसळ होते आणि पाऊस पडल्याचा भास होतो. संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या एखाद्या जुन्या भिंतीत वीतभर रोप दाखवा, तेवढं पुरे.

दोघांना एकाच वाड्यात घालायचं असेल तर वाडा पुनर्विकासाला द्या. बिल्डरनं भिंत पाडली की मुंजाचा आसरा तुटतो. त्याला नवी भेग मिळेपर्यंत कथेतून बाहेर ठेवा. समंध त्याच दिवशी करारनाम्यासोबत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पोचलेला असतो, आणि दस्तावर सही कोण करतंय ते बघत असतो.