ड्रिल बिट घासणे

पीळदार ड्रिल बिटाचे बोथट, जळालेले किंवा तुटलेले टोक ग्राइंडरच्या चाकावर घासून पुन्हा कापते करण्याच्या कामाला ड्रिल बिट घासणे म्हणतात. विळ्याला धार लावताना एकच पाते सांभाळायचे असते. बिटाला मात्र दोन धारा असतात. त्या लांबीने आणि कोनाने सारख्या लागतात, शिवाय प्रत्येक धारेमागची पाठ उतरती लागते. घरी घासलेली बिटे चालत नाहीत ती बहुधा या पाठीमुळे. घासणारा धार चकचकीत करतो, पण पाठ धारेच्या बरोबरीने किंवा तिच्याहून उंच राहते. मग कितीही जोर लावला तरी बिट लोखंडावर नुसते फिरत राहते.

पीळदार बिट येण्याआधी लोखंडात भोक पाडायला चपट्या टोकाची बिटे वापरत, आणि लाकडाला सुताराचा दोरीने फिरणारा सामता होता. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांना १८६३ मध्ये पीळदार बिटाचे पेटंट मिळाले. पिळाच्या खाचांतून किस आपोआप वर येऊ लागला आणि बिट वारंवार बाहेर काढण्याची गरज कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायस्पीड स्टील आले. आज दुकानात ‘एचएसएस’ म्हणून मिळते ते हेच. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम असल्यामुळे ते लालसर तापेपर्यंत कडकपणा टिकवून धरते.

साध्या बिटाच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो, म्हणजे बिटाच्या अक्षापासून दोन्ही बाजूंना ५९ अंश. कठीण पोलादासाठी १३५ अंशांचे अधिक चपटे टोक वापरतात. पाठीचा उतार ८ ते १५ अंशांच्या दरम्यान असतो आणि साध्या लोखंडाला १२ च्या आसपासचा चालतो. दोन धारा जिथे भेटतात तिथे नेमके टोक नसते, एक छोटी आडवी रेघ असते. ही छिन्नीधार लोखंड कापत नाही, बाजूला रेटते. भोक पाडताना लागणाऱ्या दाबाचा मोठा वाटा तिच्यावरच खर्च होतो. म्हणून मोठे भोक पाडण्याआधी लहान बिटाने वाट करून घेतात.

मराठवाड्यात ही कला मुख्यतः दोन वाटांनी घरापर्यंत आली. एक वाट आयटीआयच्या फिटर ट्रेडची, दुसरी कारखान्यांची. छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान दुकानेही उभी राहिली. अशा दुकानांत हात बसलेला माणूस गावी शेड टाकतो तेव्हा वेल्डिंग मशीनशेजारी बेंच ग्राइंडर बसवतोच. तिथे येणारे काम शेतीचे असते. तिफणीच्या पट्ट्या, ट्रॉलीचे अँगल, रोटाव्हेटरची पाती, गोठ्याचे पाइप. गावातला लोहार फाळ पाजवतो तो भट्टीत लाल करून, ठोकून. बिटाला हा उपाय लावला तर बिट संपले. कारखान्यात मोजून दिलेले पाणी, म्हणजे तापवून-निववून आणलेला कडकपणा, भात्यासमोर परत देता येत नाही.

बेंच ग्राइंडरचे चाक साधारण १५० मिलिमीटर व्यासाचे आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असते. बिटासाठी ६० नंबरचा दाणा ठीक. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते. चाकाचा चेहरा, म्हणजे घासणारा बाहेरचा पृष्ठभाग, आधी ड्रेसरने (चाक खरवडायच्या हत्याराने) सपाट करून घ्यावा. मधोमध खळगा पडलेल्या चाकावर सरळ धार निघतच नाही, आणि दोष मात्र हाताला दिला जातो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावात व्होल्टेज पडले की दाब देताच चाक मंदावते. अशा वेळी जोर न वाढवता थांबलेले बरे.

डाव्या हाताची तर्जनी टूलरेस्टवर, म्हणजे चाकासमोरच्या आधारपट्टीवर, टेकवून तिच्यावर बिट ठेवायचे आणि शेपूट उजव्या हातात धरायचे. बिटाचा अक्ष चाकाच्या चेहऱ्याशी ५९ अंशांवर, आणि घासायची धार अगदी आडवी. प्रथम धार चाकाला हलकेच टेकते. मग उजवा हात सावकाश खाली येतो आणि त्याबरोबर घासणे धारेकडून पाठीकडे सरकते. बिट बोटांत किंचित फिरते, पण किंचितच. जास्त फिरवले तर पलीकडची धार चाकावर येते आणि केलेले काम जाते. नवशिक्याने पहिल्या धडपडी चालू चाकावर करू नयेत. चाक बंद ठेवून, नव्या बिटाची पाठ त्यावर सरकवत ही हालचाल हातात बसवावी. मग अर्धा फेरा फिरवून दुसरी बाजू, तितक्याच वेळा, तितक्याच दाबाने.

कोन तपासायला गेज नसेल तर दोन सारखे षटकोनी नट सपाट बाजूंनी एकमेकांना चिकटवून धरावेत. मधे जी खाच होते ती १२० अंशांची असते. ११८ साठी एवढी अचूकता पुरते. पाठ बघायची ती बिटाकडे टोकाच्या बाजूने पाहून: छिन्नीधार कापणाऱ्या धारेशी १२० ते १३५ अंशांत तिरकी दिसली तर उतार जमला आहे. उतार फार झाला तर धार नाजूक होते, भोक पाडताना बिट थडथडत अडकते आणि धारेचे तुकडे उडतात.

खरी परीक्षा मऊ लोखंडाच्या पट्टीवर. दोन्ही खाचांतून सारखा, गुंडाळत येणारा किस निघाला तर काम झाले. एकाच खाचेतून किस येत असेल तर एकच धार कापते आहे. एक धार लांब राहिली तर भोक बिटापेक्षा मोठे पडते: दहाच्या बिटाने पाडलेल्या भोकात दहाचा बोल्ट खडखडतो, आणि व्हर्निअरने (बारीक मापाच्या साधनाने) मोजले की कारण कळते. भुकटी पडत असेल आणि बिट किंचाळत असेल तर पाठ घासते आहे.

उष्णतेबद्दल गावोगावी एक समज पक्का आहे: बिट निळे पडले की गेले. कार्बन स्टीलच्या स्वस्त बिटाबाबत ते खरे आहे. ते घासताना सारखे पाण्यात बुडवावे लागते. एचएसएसचा निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो आणि त्या पोलादाचे टेंपरिंग, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवणे, ५५० च्या आसपास झालेले असते, म्हणून निळेपणाने त्याचे फारसे बिघडत नाही. उलट तापलेले एचएसएस गार पाण्यात टाकले तर धारेला बारीक तडे जाऊ शकतात. हवेतच निवू द्यावे.

पुष्कळ बिटे घासण्याच्या चुकीने नव्हे, वेगाने जळतात. मऊ पोलादात दहा मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला आठशे-नऊशे फेरे पुरतात. हाताच्या लहान ड्रिल मशीनचा मोकळा वेग अनेकदा त्याच्या तिप्पट असतो. मालही बघावा लागतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधून येणाऱ्या टीएमटी सळईचा बाहेरचा थर पाण्याने झटकन थंड केलेला असतो, म्हणून गाभ्यापेक्षा कठीण. बोथट बिट त्यावर घसरते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यात भोक पाडायचा हट्ट तर साध्या बिटाने धरूच नये. पितळेला उलटा नियम: धारेचा पुढचा काठ किंचित सपाट करावा, नाहीतर बिट पितळात घुसून तुकडा हिसकावते.

वारंवार घासून बिट आखूड होते तसा दोन खाचांमधला आतला गाभा जाड लागतो आणि छिन्नीधार रुंद होते. तेव्हा चाकाच्या कडेने गाभा दोन्ही बाजूंनी सारखा बारीक करतात. हे काम सवयीच्या हाताचे. ऑनलाइन मिळणारे घासायचे जिग (बिट ठरावीक कोनात धरणारे साचे) सहा मिलिमीटरवरच्या बिटांना उपयोगी पडतात, पण बिट किती बाहेर काढून बसवायचे ते चुकले तर दोन्ही धारा नेमाने चुकीच्या निघतात. तीन मिलिमीटरखालचे बिट घासण्यात वेळ घालवू नये, नवे आणावे.

बेंच ग्राइंडर नसलेले लोक अँगल ग्राइंडर शिकंजात आवळून त्याच्या पातळ कटिंग डिस्कच्या बाजूवर बिट घासतात. हे टाळलेच पाहिजे. ती चकती कडेने कापण्यासाठी असते, मिनिटाला ११,००० च्या आसपास फेऱ्यांवर फिरते आणि बाजूने दाब आला तर फुटते. चष्मा हवा, हातमोजे नकोत, गळ्यातले उपरणे काढून ठेवावे. टूलरेस्ट आणि चाकात तीन मिलिमीटरहून जास्त फट नको. नवे चाक बसवण्याआधी बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके वाजवावे. खणखणीत आवाज आला तर चाक अखंड, बद्द वाजले तर टाकून द्यावे.

भिंतीत भोक पाडायच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा जोडलेला असतो. त्याला सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक लागते, साधे राखाडी चाक त्यावर नुसते झिजते. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या काळ्या दगडी भिंतीत लोखंडासाठीचे बिट घातले तर टोकाबरोबर बाहेरच्या कडाही झिजतात, आणि असे बिट पुन्हा कापते करायचे तर झिजलेला सगळा भाग घासून टाकावा लागतो.